वानर व माकड (छत्रपती संभाजीनगर परिसर)

नरवानर गणाच्या सर्कोपिथेसिडी कुलातील सस्तन प्राणी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादचा किल्ला, वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, अजिंठ्याचे डोंगर आणि कन्नड तालुक्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य येथे काळ्या तोंडाचे वानर (हनुमान लंगूर) टोळ्यांनी आढळतात. लाल तोंडाच्या माकडांच्या दोन भारतीय जातींची सीमाही याच मुलखाच्या आसपास मानली गेली आहे. भारतात वानरांवर एका जागी बसून संशोधन झाले ते प्रामुख्याने धारवाड, अबू आणि जोधपूर येथे. मराठवाड्यातील वानरांविषयीचे ज्ञान बव्हंशी त्या अभ्यासांतून आलेले आहे.

ओळख : वानराचे अंग करडे-भुरकट, तोंड, कान, हात व पाय काळे, शेपटी धडापेक्षा लांब. नराचे वजन सुमारे १८ किग्रॅ., मादीचे सुमारे ११ किग्रॅ. पूर्ण वाढलेल्या नराला हुप्प्या म्हणतात. माकडांपैकी टोपी माकडाच्या डोक्यावरचे केस मध्यातून फाकून टोपीसारखे बसतात व शेपटी लांब असते. ऱ्हीसस माकडाची शेपटी आखूड आणि मागचा भाग तांबूस-नारिंगी असतो. कोकणात लाल तोंडाच्या माकडाला केलडे म्हणतात.

तापी–गोदावरी सीमा : भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक एम. एल. रूणवाल यांनी वानरांचे उत्तरी व दक्षिणी असे दोन गट केले. त्यासाठी त्यांनी घेतलेला निकष अगदी साधा आहे. चार पायांवर चालताना उत्तरी वानराची शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेने कमान करते. दक्षिणी वानराची शेपटी वर उचलली जाऊन मागे वळते आणि टोक खाली लोंबते. या दोन गटांची सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरी या नद्यांनी ठरवली गेली. जॅक फूडन, अनिल महाबळ व एस. एस. साहा यांनी १९८१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ऱ्हीसस आणि टोपी माकड यांच्यातील सीमेची फेरमांडणी केली; तीतही पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी याच नद्या आल्या.

नकाशावर ही रेषा ओढणे सोपे आहे. परंतु तापी जळगाव जिल्ह्यातून पश्चिमेला जाते आणि गोदावरी पैठणवरून पूर्वेला. मध्ये दीडशे किलोमीटरांहून रुंद पट्टा उरतो आणि छत्रपती संभाजीनगर जिल्हा जवळजवळ सगळा त्या पट्ट्यात आहे. पश्चिमेची सीमा धरली तर जिल्हा दक्षिणेत पडतो, पूर्वेची धरली तर उत्तरेत. सीमेविषयीचे बहुतेक नकाशे येथे एक तिरकी रेघ मारून मोकळे होतात. म्हणून या जिल्ह्यात टोळीचा गट नकाशावरून ठरवू नये, शेपटीवरून ठरवावा. आणि तोही वानर सपाट जमिनीवर चालत असताना. कड्यावर किंवा तटावर बसलेल्या वानराची शेपटी खाली लोंबतेच, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही.

कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी २००१ मध्ये पूर्वीच्या एका हनुमान लंगुराच्या सात जाती केल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंत व सहकाऱ्यांनी डीएनए आणि बाह्यलक्षणे दोन्ही तपासली. उत्तर–दक्षिण ही मूळ विभागणी त्यात टिकली. जाती नेमक्या किती, यावर एकमत नाही. प्रस्तुत नोंदीत ‘वानर’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे.

आहार : वानर मुख्यतः पाला खातो. त्याच्या जठराला कप्पे असून पुढच्या कप्प्यांत सूक्ष्मजंतू पाल्यातील तंतू आंबवतात, त्यामुळे इतर प्राण्यांना जड जाणारी जून पानेही त्याला चालतात. कोवळी पालवी, फुले, शेंगा, उंबर-वडाची फळे हेही तो खातो. पर्यटनस्थळी मिळणारी बिस्किटे व गोड पदार्थ या जठरात वेगाने आंबतात आणि ते त्याला मानवत नाहीत. माकड सर्वभक्षी आहे. त्याच्या गालांत पिशव्या असतात. मूठभर हरभरे ते न चावता गालात कोंबते, लांब जाऊन बसते आणि हाताच्या पालथ्या बाजूने गाल दाबून एकेक दाणा तोंडात आणते. वानराला अशा पिशव्या नसतात.

प्रजनन : गर्भकाळ सुमारे २०० दिवस. एका वेळी एक पिल्लू. नवजात पिल्लू गडद रंगाचे असते व काही महिन्यांत उजळते. जन्मल्या दिवसापासून टोळीतील इतर माद्या ते मागून घेतात, क्वचित ओढून नेतात, आणि ते एका कुशीतून दुसऱ्या कुशीत फिरत राहते. माकडांत आई पिल्लू असे सहसा सोडत नाही.

टोळी व शिशुहत्या : वानरांच्या टोळीत बहुधा एक प्रौढ नर, अनेक माद्या व पिल्ले असतात, उरलेले नर स्वतंत्र टोळके करून राहतात. मध्य भारतात व हिमालयाच्या पायथ्याशी अनेक नरांच्या टोळ्याही आहेत. फिलिस जे यांनी १९५८–६० मध्ये काकोरी (उत्तर प्रदेश) व ओरछा (बस्तर) येथे पाहिलेल्या टोळ्या शांत होत्या, आणि वानर म्हणजे सौम्य प्राणी अशी समजूत त्यावरून रूढ झाली.

जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ केलेल्या अभ्यासाने ती मोडली. १९६२ मध्ये सात नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला करून तिच्या नराला हुसकावले. पुढे त्या सातांतील एकानेच बाकीच्यांना हाकलून टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर अंगावर पिणारी पिल्ले चाव्यांनी मेली किंवा नाहीशी झाली. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी अशाच घटना नोंदवल्या. सारा हर्डी यांनी १९७१ पासून माउंट अबू येथे काम करून त्याचा अर्थ लावला : दूध पाजणारी मादी माजावर येत नाही, पिल्लू गेले की लवकर येते, आणि नराची सत्ता सरासरी दोन-सव्वादोन वर्षेच टिकते. तेव्हा दुसऱ्याचे पिल्लू मारणारा नर स्वतःचा वंश वाढवतो. ‘द लँगूर्स ऑफ अबू’ हा त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये निघाला.

यावर दोन दशके वाद चालला. जे (पुढे डॉलहिनो) यांच्या गटाचे म्हणणे असे, की हे माणसांच्या गर्दीत राहणाऱ्या, दाटीने बिथरलेल्या टोळ्यांचे वर्तन आहे. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या हत्या थोड्या आणि अनुमान जास्त, हा आक्षेप अधिक वजनदार होता. कॅरोला बोरीज व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नेपाळमधील रामनगरच्या वानरांचा डीएनए तपासला. हल्ला झालेल्या १६ पिल्लांपैकी एकही हल्लेखोराचे नव्हते. रामनगर हे जंगल आहे, वस्ती नव्हे. त्यामुळे दाटीच्या उपपत्तीचा जोर ओसरला. कोस्टारिकातील सांता रोसा येथे लिंडा फेडिगन यांच्या गटाने पांढऱ्या तोंडाच्या कापुचिन माकडांतही मुख्य नर बदलल्यावर पिल्ले दगावतात असे दाखवले आहे. एवढे झाल्यावर वानरांतील शिशुहत्येला विकृती म्हणता येत नाही.

रोग : क्यासनूर अरण्यज्वर (माकडताप) १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात उघडकीस आला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शोधला. तो गोचिडांमार्फत पसरतो. वानर व टोपी माकड दोन्ही त्याने मरतात. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात त्याची साथ आली.

कला : अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी जातक (बोधिसत्त्वाच्या वानरजन्माची कथा) चित्रित आहे.

संरक्षण : गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे २६० चौ. किमी., छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांत विभागलेले. सातमाळा-अजिंठा रांगेतील या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात पाणवठे आटतात. अभयारण्याचे नाव वृत्तपत्रांत गाजले ते २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघामुळे. वानरांच्या वाट्याला असे कौतुक येत नाही.

भारताने १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. त्यापूर्वी, विशेषतः पोलिओ लशीसाठी, ती फार मोठ्या संख्येने परदेशी गेली. २०२२ च्या दुरुस्तीने ऱ्हीसस माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींतून वगळले गेले. टोपी माकडाला आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ‘असुरक्षित’ ठरवले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुमार, राधाकृष्ण व सिन्हा यांनी दाखवले, की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असून टोपी माकडाचा मुलूख आक्रसत आहे. उपद्रवी माकडे पकडून दूर नेऊन सोडण्याची प्रथा या सरकण्याला हातभार लावते. एका जातीची माकडे दुसरीच्या मुलखात सोडणे हा तक्रार मिटवण्याचा उपाय मानला जातो, ते थांबले पाहिजे.

माणसांशी संबंध : खुलताबादच्या भद्रा मारुतीमुळे या भागात वानराला धार्मिक मान आहे, त्याच भागात मका, तूर व फळबागांच्या नुकसानीच्या तक्रारीही आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लवूळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उंचावर नेऊन टाकल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. अडीचशेचा आकडा छापून आला. तो वादग्रस्त आहे. पिल्ले सूडाने मारली गेली, या सांगण्याला प्राणिशास्त्रात आधार नाही. वनविभागाने दोन वानर पकडून नागपूरला नेले. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे आहे.