डीफॉल्ट ब्राउझर आणि निवडीचे स्वातंत्र्य

घरगुती संगणकावर एखाद्या दुव्यावर टिचकी मारली असता तो कोणत्या ब्राउझरमध्ये उघडावा, हे संगणकातील एका नोंदीने ठरते. ती नोंद बदलणे ही वरवर पाहता क्षणभराची क्रिया होय. परंतु ती नोंद प्रथम कोणी करावी आणि ती बदलण्याची वाट किती सुकर असावी, या दोन प्रश्नांवरून अमेरिकेत व युरोपात दीर्घकाळ वाद झाले.

नेटस्केप नॅव्हिगेटर डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला व लवकरच अग्रेसर ठरला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि विंडोज ९८ मध्ये तो कार्यप्रणालीशीच जखडून टाकला. १८ मे १९९८ रोजी अमेरिकेचा न्यायविभाग व अनेक राज्ये यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने कंपनीच्या विभाजनाचा आदेश रद्द केला. मात्र तिने अवैध मार्गांनी मक्तेदारी राखली, हा निष्कर्ष कायम ठेवला. या निकालातील एक भेद विशेष लक्षणीय आहे. प्रोग्रॅम काढून टाकण्याच्या यादीतून एक्सप्लोरर वगळणे न्यायालयाने दोषास्पद मानले. उलट, काही प्रसंगी वापरकर्त्याने निवडलेला डीफॉल्ट ब्राउझर डावलून एक्सप्लोररच उघडण्याबद्दल कंपनीने दिलेल्या तांत्रिक कारणांचे खंडन झाले नाही. म्हणून त्या मुद्द्यावर तिला दोषी धरले नाही.

युरोपने वेगळा मार्ग अनुसरला. डिसेंबर २००७ मध्ये ऑपेरा कंपनीने तक्रार केली. डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टची हमी बंधनकारक केली. तदनुसार मार्च २०१० पासून विंडोजच्या वापरकर्त्यांपुढे अनेक ब्राउझरांचा निवडफलक येऊ लागला. परंतु मे २०११ ते जुलै २०१२ या काळात दीड कोटीहून अधिक वापरकर्त्यांना तो दिसलाच नाही. याबद्दल मार्च २०१३ मध्ये आयोगाने ५६ कोटी १० लाख युरो दंड केला.

एक्सप्लोररच्या ऱ्हासाचे श्रेय मात्र या फलकास सर्वस्वी देता येत नाही. नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या मूळ संहितेच्या परंपरेतून नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० अवतरला, सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला. निवडफलक नसलेल्या देशांतही लोकांनी हे ब्राउझर स्वीकारलेच. यावरून डीफॉल्टची सत्ता अभेद्य नसते, हे स्पष्ट होते. तथापि क्रोमच्या प्रसारामागे गूगलच्या स्वतःच्या शोधपृष्ठावरील जाहिरात होती, हे विसरून चालणार नाही. डीफॉल्टवर मात करण्यास बहुधा तितक्याच समर्थ दुसऱ्या प्रवेशद्वाराची गरज लागते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने प्रत्येक फाइलप्रकारासाठी वेगळी नोंद बदलावयास लावली. टीकेनंतर २०२२ मध्ये एकाच कळीची सोय झाली. तात्पर्य, निवडीचा हक्क कागदावर असणे पुरेसे नाही. तो बजावण्यास किती पायऱ्या चढाव्या लागतात, यावरच त्याचे खरे मोल ठरते.