माशांच्या पेशींतला धोक्याचा निरोप : शोधाचा इतिहास

टिपूच्या पाडावानंतर, १८०० मध्ये, फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हैसूर मुलुखाच्या पाहणीला निघाला. पुढे त्याने हॅमिल्टन हे आडनाव लावले आणि १८२२ मध्ये गंगेतील माशांवर ग्रंथ छापला. त्यात एका चिमुकल्या पट्टेरी माशाची नोंद आहे. तोच आज प्रयोगशाळांतून पाळला जाणारा झेब्राफिश. आपल्या विषयात तो पुन्हा भेटेल.

थंड पाण्यात माशाला प्रतिपिंडे तयार करायला कित्येक आठवडे लागतात. विषाणू तेवढा थांबत नाही. म्हणून माशाची खरी भिस्त उपजत प्रतिकारशक्तीवर, म्हणजे मुख्यतः इंटरफेरॉनवर.

इंटरफेरॉन प्रथम सापडले ते कोंबडीच्या अंड्यात. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी अंड्यातील पडद्याचे तुकडे फ्लूच्या निष्क्रिय विषाणूसोबत ठेवले. त्या तुकड्यांतून द्रवात उतरलेल्या पदार्थाने ताज्या तुकड्यांनाही विषाणूपासून वाचवले. १९७३ मध्ये फ्रान्समधील द किंकलाँ आणि दोर्सों यांना विषाणूबाधित ट्राउट माशांत असाच पदार्थ मिळाला. निरोप हाती आला होता, पण तो धाडण्याचा हुकूम कोण देते हे कळायला आणखी तीन दशके गेली.

२००३ मध्ये झेब्राफिश आणि सामन यांची इंटरफेरॉन जनुके वाचली गेली. मग साखळी उलगडली: आरआयजी-आय हे प्रथिन विषाणूचा आरएनए ओळखते, मायटोकॉन्ड्रियावरील एमएव्हीएसला जागे करते, तिथून टीबीके१, आणि शेवटी आयआरएफ३ केंद्रकात जाऊन इंटरफेरॉनचे जनुक चालू करते. (एमएव्हीएस २००५ मध्ये चार गटांनी शोधले आणि चार नावे दिली, जुने लेख वाचताना गोंधळू नका.)

नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना पुढचा प्रश्न सुचेलच: हे बंद कसे होते? न थांबणारा इशारा स्वतःच्याच पेशी जाळतो, म्हणून पेशीत ब्रेक लावणारी प्रथिनेही असतात. माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत रंजक भाग हाच, कारण साखळीची नेमकी कडी विषाणूलाही ठाऊक असते. कार्प माशांना होणाऱ्या एका विषाणूचे एन प्रथिन झेब्राफिशच्या एमएव्हीएसचाच नाश घडवून आणते, असे २०१६ मध्ये दिसले.

उजनीच्या पाण्यात जाळ्यात येणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, आठवा. तिलापियाचा जीव घेणारा टिलापिया लेक व्हायरस २०१४ मध्ये इस्राएलमध्ये ओळखला गेला आणि २०१८ मध्ये भारतातील शेततळ्यांतूनही त्याची नोंद झाली.