वारणेचा तह आणि वगळलेला शेजारी

आमच्या कोकणात दोन वाड्यांमधल्या जांभ्या दगडाच्या कुंपणाला ‘गडगा’ म्हणतात. गडगा रचताना चुना वापरीत नाहीत. दगडावर दगड नुसता बसवलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात तो कोठे ना कोठे ढासळतोच, आणि पाऊस सरला की दोन्ही घरचे कर्ते पुरुष तो पुन्हा रचायला येतात. दगड तुमच्या अंगाला सरकला की आमच्या, यावर थोडी गजाल होते, प्रसंगी आवाजही चढतो. पण गडगा उभा राहतो. राज्याराज्यांतले तह याहून फारसे निराळे नसतात असे इतिहास वाचताना मला नेहमी वाटत आले आहे. तह ही एकदा शिक्का उठवून पेटीत ठेवून देण्याची वस्तू नव्हे. तो दरसाल निगा मागतो. आणि मुख्य म्हणजे, ज्याची ज्याची वाडी त्या गडग्याला लागून आहे, तो प्रत्येकजण गडगा घालताना हजर असावा लागतो. एक जरी घर वगळले, तरी गडगा पहिल्यांदा ढासळतो तो नेमका त्याच अंगाने.

हे विधान मी हवेत करीत नाही. त्याचा पुरावा आमच्याच किनाऱ्यावर पडलेला आहे.

मी राहतो त्या ओरोसला आता सिंधुदुर्गनगरी म्हणतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि या गावाला जिल्ह्याच्या ठाण्याचा मान मिळाला. आज आठ तालुक्यांचे लोक येथील कचेऱ्यांत येतात. मालवणचा आणि सावंतवाडीचा माणूस एकाच बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहतात. अठराव्या शतकात मात्र हेच दोघे एकमेकांना परराज्यातले होते. मालवण व सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींचा. वाडी आणि कुडाळ सावंत भोसल्यांचे. उत्तरेस विजयदुर्गी आंग्रे. दक्षिणेस गोव्याचे पोर्तुगीज. आणि समुद्रात मुंबईकर इंग्रजांची गलबते. एवढ्याशा पट्टीत पाच सत्ता! शेजारधर्माची परीक्षा घ्यायला याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. शिवछत्रपतींचे दोन नातू, साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे, हे चुलत भाऊ. एक थोरल्या पातीचा, दुसरा धाकट्या पातीचा. आणि वाद तोच, जो आपल्याकडे घरोघरी असतो, वाटणीचा. हा वाद घरातच राहिला असता तर त्याला भाऊबंदकी म्हणून सोडून देता आले असते. परंतु संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. भावांच्या वादात शेजारचा बलाढ्य सुभेदार पंच होऊन बसू पाहत होता. १७२८ साली पालखेडला बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत धरले आणि मुंगी शेवगावच्या तहाने त्याला संभाजीराजांची पाठ सोडावी लागली. पुढे १७३० साली वारणेकाठी प्रतिनिधींच्या फौजेने संभाजीराजांची छावणी लुटली. ताराबाईंसह राजघराण्यातील स्त्रिया साताऱ्याच्या हाती सापडल्या.

येथे शाहू महाराजांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले शहाणपणाचे कृत्य वाटते. जिंकलेल्या भावाला त्यांनी चिरडले नाही. संभाजीराजांच्या घरच्या स्त्रियांची त्यांनी सन्मानाने परत पाठवणी केली; ताराबाई मात्र आपल्या इच्छेने साताऱ्यास राहिल्या. १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडनजीक जखिणवाडीला दोघा भावांची भेट झाली, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला.

या तहाची कलमे अवघी नऊ आहेत, आणि ती वाचताना मला त्यातील व्यवहारीपणाचे फार कौतुक वाटते. प्रेमाच्या आणाभाका थोड्या. बाकी सारा हिशेब. वारणा व कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख संभाजीराजांचा. कोपळचा किल्ला कोल्हापूरला, त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी साताऱ्याला. भांडणाचे मूळ ठरलेले वडगावचे ठाणे पाडून टाकावयाचे. मिरज आणि विजापूर प्रांतीची ठाणी साताऱ्याकडे. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे मिळेल ते निम्मेनिम्मे. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी. आणि एक कलम तर असे, की वाचताना हसू यावे: तुमचे चाकर आम्ही ठेवू नयेत, आमचे तुम्ही ठेवू नयेत. परंतु हसण्यावारी नेण्याजोगे ते नाही. त्या काळी रुसलेला सरदार उठून शेजारच्या दरबारी जाई, तेथे कान भरी, आणि त्याच्या रागापायी दोन राज्ये लढत. शेजारच्या घरातल्या रुसव्याला आपल्या ओसरीवर पाट मांडायचा नाही, हे त्या कलमाचे तात्पर्य. आजच्या काळातही शेजारी देशांमधील निम्मी कटुता दुसऱ्याच्या बंडखोरांना आसरा दिल्यानेच वाढते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

तह टिकला. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले, तोवरची अठरा वर्षे सातारा आणि कोल्हापूर यांच्यात पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. हद्द स्पष्ट होती, देवघेव बरोबरीची होती, आणि हरलेल्या भावाचा मान राखलेला होता.

पण याच तहात आणखी एक कलम आहे, आणि ते आमचे आहे. कोकणात साळशीपलीकडे अंकोल्यापर्यंतचा मुलूख संभाजीराजांकडे असावा, असे ते म्हणते. साळशी हे गाव आज देवगड तालुक्यात आहे. तेथून दक्षिणेस जायचे म्हणजे मध्ये कुडाळ आणि वाडी आलीच. आणि तेथे सावंत नांदत होते! स्वतः शाहू महाराजांनीच पूर्वी सावंतांना कुडाळ प्रांताची सनद दिलेली. साळशी महालाच्या उत्पन्नातही सावंतांचा आणि आंग्र्यांचा वाटा ठरलेला. वारणेच्या काठी दोन भाऊ बसले, त्यांनी किनारा वाटून घेतला. परंतु त्या किनाऱ्यावर ज्याचे घर होते, त्या वाडीकर सावंताची सही त्या कागदावर नाही. त्याने तरी गप्प का बसावे? फोंड सावंतांनी आदल्याच वर्षी, १७३० साली, आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी स्वतंत्र करार करून ठेवला होता. घरात विचारीत नाहीत म्हटल्यावर माणूस बाहेर सोयरे शोधतो.

पुढची सारी दुर्दशा या एका फटीतून आत आली अशी माझी समजूत आहे. मसुऱ्याला कधी गेलात तर कालावलच्या खाडीवर उभे राहून दोन्ही तीर पाहा. दक्षिणेच्या टेकडीवर भरतगड, तो सावंतांनी १७०१ साली बांधला. समोर उत्तरेच्या टेकडीवर भगवंतगड, तो कोल्हापूरकरांच्या बाजूच्या बावडेकर अमात्यांचा. मध्ये एक खाडी. होडीने पलीकडे जायला कितीसा वेळ लागणार! पण दोन्ही किल्ले एकमेकांवर डोळे वटारून शंभर वर्षे उभे राहिले. दोहोंकडे मराठे, दोहोंकडे एकच भाषा, एकच देवदेवस्की. आणि तरीही मध्ये कागदाचे एक चिटोरेसुद्धा नाही.

याचे मोल काय पडले ते पाहा. १७६५ साली व्यापारी गलबतांना होणारा उपद्रव हे निमित्त करून इंग्रजी आरमार आले आणि त्याने सिंधुदुर्ग व रेडी हे दोन्ही किल्ले घेतले. एक कोल्हापूरचा, दुसरा वाडीचा. सिंधुदुर्गाला त्यांनी ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही देऊन टाकले! पुढे तो परत देताना कोल्हापूरकडून ३,८२,८९६ रुपये कबूल करून घेतले. रेडीच्या सुटकेसाठी वाडीकरांना वेंगुर्ल्याचे उत्पन्न तारण ठेवावे लागले. एकाच शत्रूने, एकाच वर्षी, दोन शेजाऱ्यांचे दोन किल्ले घेतले. दोघांनी सोडवणुकीची बोलणी मात्र वेगवेगळी केली. त्या वेळी तरी दोघांनी एकत्र बसावयास हवे होते.

ते बसले नाहीत. तिसऱ्या खेम सावंतांना शिंद्यांशी झालेल्या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ किताब मिळाला, तो कोल्हापूरला खुपला, आणि नव्याने लढाई जुंपली. ती निभावण्यासाठी सावंतांनी पोर्तुगीजांची मदत घेतली आणि १७८८ साली त्या मदतीच्या बदल्यात पेडणे महाल त्यांच्या स्वाधीन केला. आज पेडणे गोव्यात आहे, त्याचे कारण असे आपसातल्या वैरात दडलेले आहे. पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला नाही. आपण तो शेजाऱ्याशी भांडण्याच्या खर्चापायी देऊन टाकला. पुढे वाडीत वारसाचा घोळ झाला तेव्हा कोल्हापूरला परतवण्यासाठी निपाणीकर आप्पा देसायांना बोलावले गेले. आणि पाहुण्यांनी यजमानाच्याच घरात हातपाय पसरले.

शेवट १८१२ च्या ऑक्टोबरात झाला. कंपनी सरकारने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोघांशी दोन तह केले. कोल्हापूरने सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांसह मालवण बंदर दिले. वाडीने वेंगुर्ले दिले. दोघांनीही लढाऊ गलबतांवर पाणी सोडले. कोल्हापूरने तर परराज्यांशी होणारे तंटे कंपनीच्या निवाड्यावर सोपवण्याचे मान्य केले. जो निवाडा आठ-दहा कोसांवरच्या शेजाऱ्याबरोबर बसून करता आला नव्हता, तो आता सातासमुद्रापलीकडचा मनुष्य करणार होता. तो त्याने कसा केला, तेही भरतगडच सांगतो. वाडीच्या दुर्गाबाईंनी तो किल्ला कोल्हापूरकडून परत घेतला, तेव्हा कंपनीने १८१३ साली सैन्य पाठवून तो त्यांच्याकडून काढला आणि कोल्हापूरच्या हवाली केला. १८१९ मध्ये वाडी स्वतःच कंपनीच्या छत्राखाली गेली. शेजाऱ्यांनी आपसात तह केला नाही, की तिसरा येऊन तो करून देतो. आणि आपली दलाली कापून घेतो.

कोणी म्हणेल, इंग्रज इतके प्रबळ होते की आमच्या दोन संस्थानांनी गळ्यात गळा घातला असता तरी काय झाले असते? आक्षेप खरा आहे. ते कदाचित टिकले नसते. परंतु पेडणे गेले नसते, वेंगुर्ले गहाण पडले नसते, आणि खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या कुळवाड्यांची भाते शंभर वर्षे दोन्हीकडच्या फौजांनी तुडवली नसती. तहाचे फळ राजाच्या मुकुटात मोजायचे नसते. ते शेतकऱ्याच्या कणगीत मोजायचे असते.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९५१ मध्ये इतर चार देशांसह जो करार केला, तो कोळसा आणि पोलाद यांचा. म्हणजे ज्या वस्तूंवरून युद्धे होत त्याच वस्तू त्यांनी सामायिक केल्या. उलट १९८५ साली ढाक्याला स्थापन झालेल्या ‘सार्क’ या आपल्या दक्षिण आशियाई संघटनेच्या सनदेत दोन देशांमधील वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवले गेले. हेतू चांगला होता; बैठक मोडू नये हा. परंतु जे दुखणे बाहेर ठेवले, त्यानेच दार अडवले. २०१६ साली इस्लामाबादला ठरलेली शिखर परिषद अशीच रद्द झाली. आमच्या साळशीच्या कलमाची मला तेव्हा आठवण झाली.

निराशेने लिहीत नाही. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात, तिलारीचे धरण आहे. ज्या सीमेवर सावंत आणि पोर्तुगीज लढले, तेथेच महाराष्ट्र आणि गोवा यांनी १९९० साली करार करून हे पाणी वाटून घेतले. खर्चाचा आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याकडे. आता लढाईचे कारण म्हणून नव्हे, तर शेताला पाणी म्हणून ती नदी हद्द ओलांडते. पण येथेही, ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना आपल्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. दोन सरकारांत करार झाला. तिसरे घर पुन्हा कागदाच्या कडेला उभे राहिले. जुन्या इतिहासाचे नवे पान वाचावे तसे ते मला वाटते.

वाचकहो, दिवाळीत शेजारी फराळाचे ताट जाते आणि ते रिकामे परत येत नाही. हा साधा रिवाज आपण घराघरांत पाळतो. ताटे लावताना एक घर राहून गेले नाही ना, एवढे मात्र गृहिणी दोनदा मोजून पाहते. राज्यांचे कारभार करणाऱ्यांनी तेवढीच मोजदाद केली, तर पुष्कळ गडगे शाबूत राहतील.