'मिस्ट्रेस' ते 'मिझ' : एका उपपदाची कथा

'मिसेस' म्हणजे विवाहित आणि 'मिस' म्हणजे अविवाहित, असे आपण इंग्रजी शाळेत शिकलो. परंतु हा भेद मूळचा नव्हे. ही दोन्ही रूपे 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाचे संक्षेप होत. 'मास्टर'चे हे स्त्रीलिंगी रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. अर्थ : धनीण. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'सत्ता चालविणारी स्त्री' हा पहिला अर्थ आहे. 'अंगवस्त्र' हा अगदी शेवटचा. त्या काळी 'मिसेस' हे उपपद प्रतिष्ठा दर्शवी, विवाह नव्हे. मोठ्या घरातील कारभारीण अविवाहित असली, तरी तिला 'मिसेस'च म्हणत. 'मिस' हे लहान मुलींचे संबोधन. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते प्रौढ कुमारिकांना लागू झाले, आणि हळूहळू दोन्ही उपपदे विवाहाची खूण बनली. 'मिस्टर'वर मात्र अशी खूण कधीच उमटली नाही.

१० नोव्हेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने विवाहाचा उल्लेख टाळणारे 'मिझ' हे उपपद सुचविले. ते रुजण्यास सत्तर वर्षे लागली. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम व त्यांच्या सहकाऱ्यांचे मासिक याच नावाने निघू लागले. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. फेरारो हे त्यांचे माहेरचे आडनाव, पतीचे झकारो. तरी 'न्यूयॉर्क टाइम्स' आपल्या नियमानुसार त्यांना 'मिसेस फेरारो' लिही. अखेर १९८६ मध्ये त्या पत्राने 'मिझ' स्वीकारले.

आपली मराठीही याला अपवाद नाही. 'सौ.' म्हणजे पती हयात, 'कु.' म्हणजे अविवाहित, 'गं. भा.' म्हणजे विधवा. हिंदी प्रदेशात राहणाऱ्या आम्हांस एक पेच नित्य पडतो. तेथे 'श्रीमती' ही कोणतीही विवाहिता. आपल्या जुन्या घरांत मात्र पती हयात असलेल्या स्त्रीस निमंत्रणपत्रिकेवर 'श्रीमती' लिहिले, तर ते अशुभ मानले जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द योजण्याची सूचना पुढे आली, तेव्हा तीव्र विरोध झाला, तो यामुळेच.

सरकारी सेवेत हजारो अर्ज आमच्या नजरेखालून गेले. पुरुषास 'श्री.' पुरे, स्त्रीने मात्र नाव सांगण्याआधी सौभाग्याचा हिशेब द्यावयाचा! 'मिस्ट्रेस'चा मूळ अर्थ धनीण. आपल्या नावाची धनीण तरी स्त्रीने स्वतः असावे, एवढेच आमचे म्हणणे.