गांजाचं झाड शिडी लावावी लागेल इतकं उंच कसं वाढतं?

शिडी लावून गांजाची फुलं तोडणारा माणूस आणि खाली ओळ, ‘फक्त घरगुती सेंद्रिय खत’. अशा परदेशी रील्स पाहून वाटतं, सगळी कमाल खताचीच. पण खरी कारणं वेगळी आहेत.

दिवस किती मोठा?
गांजाचं झाड एकाच हंगामाचं असतं. रात्र मोठी होऊ लागली की ते फुलावर येतं आणि त्याची वाढ मंदावते. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी हा गांजासाठी प्रसिद्ध पट्टा आहे. तिथे जूनमध्ये दिवस सुमारे १५ तासांचा असतो. त्यामुळे फुलं येण्याआधी झाडाला वाढायला भरपूर वेळ मिळतो. महाराष्ट्रात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो.

खत काय करतं?
कंपोस्ट, शेणखत किंवा आपल्याकडच्या जीवामृतासारखी द्रावणं जमिनीतले जिवाणू वाढवतात आणि माती भुसभुशीत ठेवतात. पण मुळांना जागा आणि झाडाला ऊन नसेल, तर एकटं खत काही करू शकत नाही. नत्र जास्त झालं, तर उलट नुकसान होतं.

कायद्याचाही हात
कॅलिफोर्नियात २०१६ च्या जनमतानंतर २१ वर्षांवरच्या व्यक्तीला घरी ६ झाडं लावता येतात. मर्यादा झाडांच्या संख्येवर आहे, आकारावर नाही. साहजिकच प्रत्येक झाड शक्य तितकं मोठं करण्याकडे कल असतो.

भारतात काय?
इथे एनडीपीएस कायदा, १९८५ लागू आहे. परवानगीशिवाय गांजाचं एक झाड लावणं हाही गुन्हा आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. कुंडी, गच्ची की शेत, याने फरक पडत नाही. खत सेंद्रिय होतं, हा बचाव चालत नाही.

‘भांग चालते, मग झाड का नाही?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसती पानं येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियम राज्यानुसार बदलतात. लागवडीवरची बंदी मात्र अख्ख्या झाडाला आहे.

शेतमालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या जमिनीत कुणी बेकायदा गांजा लावल्याचं कळलं, तर पोलिसांना लगेच सांगणं बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.