काझानची देग आणि आपलं मेयो

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा मागच्या महिन्यात घरी आले. मोमिनपुऱ्यात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मुलगी नीटमध्ये पात्र ठरली, पण सरकारी कॉलेजात नंबर लागण्याइतके गुण नाहीत, आणि खासगी कॉलेजची फी ऐकूनच त्यांनी तो विषय सोडून दिला होता. हातात एक रंगीत माहितीपत्रक होतं. म्हणाले, "सर, तुम्ही वाचून सांगा. दोनशे वर्षं जुनं कॉलेज आहे म्हणतात. खरं आहे का?"

माहितीपत्रक रशियातल्या काझान शहराच्या वैद्यकीय विद्यापीठाचं होतं. मी भाषेचा मास्तर, सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी शिकवणारा. डॉक्टरकीतलं मला काय कळणार? पण "खरं आहे का" असं कोणी विचारलं तर शिक्षकाने टाळू नये. मी वाचायला बसलो.

खरं आहे. काझान विद्यापीठाची स्थापना 1804 मध्ये झार अलेक्झांडर पहिला याच्या हुकमाने झाली, आणि 1814 मध्ये तिथे वैद्यकशाखा रीतसर सुरू झाली. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज 1835 चं, मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं. म्हणजे काझान आपल्या या दोन्ही जुन्या कॉलेजांहून वयाने मोठं.

हे शहर व्होल्गा नदीकाठचं. तातार मुसलमानांची ही राजधानी इव्हान द टेरिबलने 1552 मध्ये जिंकली. काझान या नावाचा अर्थ मोठी देग, असं सांगतात. नाव शोभतं, कारण रशियन आणि तातार, चर्च आणि मशीद, सगळं तिथे एकाच भांड्यात शिजलं आहे. कधी सुखाने, कधी जबरदस्तीने.

कॉलेजची सुरुवात मात्र तिसऱ्याच भाषांत झाली. पहिले बरेच प्राध्यापक जर्मन होते आणि विज्ञानाची भाषा लॅटिन. त्यांच्यातला कार्ल फुक्स हा डॉक्टर 1805 मध्ये काझानला आला आणि 1846 मध्ये तिथेच वारला. या माणसाने तातार भाषा शिकून घेतली. तो तातार घरांत जाऊन उपचार करी, त्यांचे रीतिरिवाज टिपून ठेवी. 1844 मध्ये काझानच्या तातारांवर त्याचं पुस्तक निघालं. परक्या डॉक्टरला लोकांनी आपला मानलं, ते औषधाइतकंच भाषेमुळे, असं मला वाटतं.

याच कॉलेजवर एक वाईट काळही आला. 1819 मध्ये मॅग्नित्स्की नावाचा सरकारी अधिकारी तपासणीला आला. विद्यापीठात धर्मविरोधी शिक्षण चालतं, ते बंदच करा, असा अहवाल त्याने दिला. झारने विद्यापीठ बंद केलं नाही, पण कारभार त्याच्याच हाती सोपवला. शरीररचना शिकवण्यासाठी जपून ठेवलेले मानवी अवयव त्या काळात धार्मिक विधी करून दफन करण्यात आले. 1826 मध्ये त्याला काढलं, तेव्हा कॉलेजने श्वास घेतला. पुढे प्रख्यात गणिती लोबाचेव्हस्की कुलगुरू झाला. 1830 मध्ये कॉलरा आला, तेव्हा त्याने विद्यापीठाचे दरवाजे बंद करून आतल्या माणसांना वाचवलं. त्याच्याच कारकिर्दीत 1837 मध्ये शवविच्छेदनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. आपण हसू नये. कलकत्त्यात 1836 मध्ये पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा आपल्याकडेही किती खळबळ झाली होती!

1930 मध्ये वैद्यकशाखा विद्यापीठापासून वेगळी झाली आणि तिची संस्था झाली. 1994 मध्ये त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे परंपरा दोनशे वर्षांची, आजचं नाव तीसेक वर्षांचं. माहितीपत्रकातलं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

हे वाचताना मला आपलं नागपूर आठवत राहिलं. इथे विद्यापीठ 1923 मध्ये झालं, पण वैद्यकीय पदवीचं कॉलेज 1947 मध्ये. त्याआधी रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, पण पदवी हवी असेल तर गाव सोडावं लागे. पुढे मध्य प्रांताचे मुख्यमंत्री झालेले डॉ. ना. भा. खरे डॉक्टर व्हायला लाहोरला गेले होते. डॉक्टरकीसाठी पोरांनी दूर जाणं ही नागपूरला नवी गोष्ट नाही.

मोमिनपुऱ्याला लागून मेयो आहे. कागदावर नाव इंदिरा गांधी, पण रिक्षावाल्याला मेयोच सांगावं लागतं. ज्या व्हाइसरॉयचं हे नाव, त्या लॉर्ड मेयोला 1872 मध्ये अंदमानात शेर अली या कैद्याने भोसकून मारलं. इमारतीवर साहेबाचं नाव राहिलं, व्हरांड्यात मात्र कायम आपलीच माणसं. माझी आजी तिथे भरती होती. तिला कळे फक्त उर्दू, आणि तरुण डॉक्टर बोले मराठी. मी शाळकरी पोर, मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगायचो. "कलेजा बैठा जा रहा है" हे मराठीत कसं सांगायचं, यावर मी अडलो होतो. भाषेचा मास्तर मी बीएड करून झालो असेन, पण पहिला धडा त्या वॉर्डात मिळाला.

म्हणून मुलीच्या अब्बांना मी कॉलेजच्या वयाबद्दल थोडंच सांगितलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे नियम समोर ठेवले: अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. परतल्यावर परीक्षा आहे, पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप आहे. हे सगळं लेखी मागा, माहितीपत्रकावर जाऊ नका.

आणि मुलीला वेगळं सांगितलं. वर्गात इंग्रजी चालेल, पण खाटेवरची म्हातारी इंग्रजी बोलणार नाही. ती रशियन बोलेल, कदाचित तातार. एके काळी तातार आपल्या उर्दूसारखीच अरबी लिपीत लिहिली जायची, पुढे लिपी बदलली. तुला नस्तालीक येते, देवनागरी येते. तिसरी लिपी आजपासून सुरू कर. "कुठे दुखतं?" एवढं तरी त्या म्हातारीला तिच्या भाषेत विचारता आलं पाहिजे.

अब्बांचा निर्णय अजून व्हायचा आहे. पैशांचा हिशेब जुळत नाही, आणि मेयोच्या रस्त्यावरून रोज जाताना मुलगी त्या फाटकाकडे बघते, असं तेच सांगत होते. पण परवा तिने मला वही दाखवली. पहिल्या पानावर रशियन मुळाक्षरं काढली होती, आणि प्रत्येकापुढे उच्चार लिहिला होता. अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत.