घरात लाकडाचं लेथ मशीन बसवताना

आमचे भाईजान तीसेक वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात पलंगाचे पाय आणि जिन्याचे खांब कातत होते. कारखाना शहराबाहेर गेला. भाईजान करी रोडलाच राहिले, कारण अम्मीचे उपचार आणि मुलांची शाळा इथेच. भिशी लागली तेव्हा त्या पैशांत त्यांनी एक छोटं लेथ मशीन घेतलं आणि आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत आणून ठेवलं. हात बसलेला कारागीर आणि नवं कोरं मशीन. त्याच संध्याकाळी त्यांनी आंब्याचा ठोकळा लावला आणि बटण दाबलं. ठोकळा सुटून समोरच्या मांडणीवर आदळला, दोन बरण्या फुटल्या. आमचा सात वर्षांचा पुतण्या दोन मिनिटांपूर्वी तिथेच उभा होता. भाभीने हाक मारली म्हणून तो बाहेर गेला होता.

चूक कातण्यात नव्हतीच. मशीन खोक्यातून आलं तेव्हा पट्टा सगळ्यात जास्त वेगाच्या पुलीवर चढवलेला होता आणि तो कुणी पाहिला नव्हता. कारखान्यात मशीन बसवायचं काम मिस्त्रीचं. भाईजानवर ती वेळ कधी आलीच नव्हती. त्यानंतर आम्ही आठवडाभर मशीन बंद ठेवलं आणि खोलीपासून सुरुवात केली. त्या आठवड्यात जे कळलं ते इथे लिहीत आहोत. हाताला कसब असलेली आणि कारखाना सुटलेली माणसं आपल्या अनेक घरांत आहेत, त्यांना उपयोग होईल.

खरादी आणि कातारी

आधी शब्दाबद्दल थोडं, कारण तो आमचा मास्तरकीचा विषय. मराठीत लाकूड फिरवून आकार देणारा तो कातारी, आणि त्याचं काम म्हणजे कातकाम. उर्दूत आपण खराद आणि खरादी म्हणतो. त्याचं मूळ अरबी 'खर्रात', अर्थ तोच. कैरोच्या जुन्या घरांच्या खिडक्यांवर जी लाकडी जाळी दिसते, मश्रबिय्या, ती याच खर्रातांनी कातलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांची असते. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी आहेत, तिथे ही कला टिपू सुलतानच्या काळापासून असल्याचं सांगतात आणि आजही तिथल्या कारागिरांत मुस्लिम घरं बरीच आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग बसतो, मग केवड्याच्या पानाने घासून चमक आणायची. ही रीत दोन्हीकडे आहे.

आणि आमच्या करी रोड-लालबागला तर कातकाम नवं नाहीच. आजूबाजूच्या गिरण्यांत सुताची बॉबिन लाकडाची असायची, तीही लेथवरच कातलेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ती बॉबिनं भंगारात गेली. आमच्या घरी अजून दोन आहेत. अम्मी त्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळते.

खोली आणि बैठक

जुन्या चाळींत वरच्या मजल्यांची जमीन लाकडी तुळयांवर असते. मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं की जमीन थरथरते, आणि थरथर लाकडात उतरते. म्हणून मशीन मुख्य भिंतीजवळ, तुळईची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे ठेवावं. पण भिंतीला बोल्टने आवळू नये. आम्ही पहिल्यांदा तेच केलं, आणि पलीकडच्या काकूंच्या मांडणीतली भांडी वाजायला लागली.

छोटं मशीन तीस-चाळीस किलोचं असतं. एवढं वजन वेड्यावाकड्या ठोकळ्याला पुरत नाही, मशीन चालायला लागतं. जाड लाकडाचा घट्ट स्टँड बनवावा, खाली फळी ठोकून तिच्यावर वाळूच्या दोन-तीन गोण्या ठेवाव्यात, पायांखाली जाड रबर द्यावं. आमचा स्टँड पाडलेल्या इमारतीच्या सागवानी चौकटींचा आहे. पुनर्विकासामुळे असलं लाकूड मिळतं आणि ते उत्तम असतं. मात्र त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. तेच लाकूड कातायला घेणार असाल तर आधी सगळीकडून चुंबक फिरवा. जुना तेलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो घासून उडवू नका.

उंची कोपराने ठरते. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवा. मशीनचा मध्यबिंदू त्या कोपराच्या उंचीला यायला हवा. खाली असेल तर महिन्याभरात कंबर धरते. मग पाणसळ ठेवून स्टँड लांबीला आणि रुंदीला सपाट करा. चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. एक पाय जरी अधांतरी राहिला आणि तसंच बोल्ट आवळले, तर मशीनचा बेड पिळला जातो आणि पुढची सगळी मापं चुकतात.

तळमजल्यावर राहत असाल तर मोटर आणि प्लग पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर ठेवा. परळ-हिंदमाताचं पावसाळी पाणी कुणाला सांगायला नको. वरच्या मजल्यावरही दमट हवेने बिडाचा बेड गंजतो. आठवड्यातून एकदा मशीन ऑईलचा हात फिरवला की पुरतं.

वीज

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट जास्त करंट ओढते. त्यामुळे पंख्या-दिव्याच्या जुन्या वायरवर ती चालवू नये. मीटरपासून वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंग तपासून घ्या. आमच्या चाळीत तीन पिनांचा सॉकेट होता, तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, पाहुण्यातल्या हुशार पोराकडून नाही. बंद करायचं बटण अशा ठिकाणी हवं की उडालेल्या तुकड्याच्या वाटेत न जाता हात पोहोचेल.

मध्य जुळवणं आणि वेग

हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवा, टेलस्टॉकमध्ये दुसरं, आणि टेलस्टॉक पुढे सरकवत दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा. वरून पाहा, बाजूने पाहा. मागे पांढरा कागद धरला तर फरक लगेच दिसतो. टोकं वर-खाली असतील तर ज्या बाजूला कमी आहे तिच्याखाली पातळ पितळी पत्रा घालून आवळायचं. यात आमचा अख्खा रविवार गेला. टोकं जुळली नाहीत तर लांब वस्तू एका बाजूला निमुळती होते आणि भोक मध्यात पडत नाही. सेंटरचा शंकू कोणत्या नंबरचा आहे (मोर्स टेपर १ की २) आणि स्पिंडलचे आटे कोणत्या मापाचे आहेत, हे बिलाच्या मागेच लिहून ठेवा. नागदेवी स्ट्रीटला चक घ्यायला जाल तेव्हा दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता वेग. कारागिरांत एक सोपा हिशेब चालतो: लाकडाचा व्यास इंचात घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यायला हवं. म्हणजे ४ इंचाच्या ठोकळ्याला १५०० ते २२५० फेऱ्या, ६ इंचाच्या ठोकळ्याला १००० ते १५००. हा वेग लाकूड गोल झाल्यावरचा. चौकोनी किंवा वेडावाकडा ठोकळा असेल तर निम्म्याहूनही खालून सुरुवात करायची. ३००० फेऱ्यांवर ४ इंचाच्या ठोकळ्याची कड ताशी सुमारे ५७ किलोमीटरने धावत असते. आमच्या बरण्या का फुटल्या, ते हा गुणाकार करून पुतण्यालाही समजलं. त्याला आम्ही तो वहीत करायला लावला.

बटण दाबण्याआधी प्लग काढून पट्टा कुठल्या पुलीवर आहे ते पाहा. चकची चावी चकमध्ये विसरलेली नाही ना? टूल रेस्ट लाकडापासून ३ ते ६ मिलिमीटरवर ठेवा, आणि लाकूड हाताने पूर्ण एक फेरी फिरवून कुठे अडकत नाही ना ते बघा. मग लाकडाच्या समोरून बाजूला सरकूनच मशीन सुरू करा.

हत्यारं आणि अंगावरचे कपडे

जुनी कानस घासून तिची पटाशी बनवायची सवय आपल्या कारागिरांत आहे. ती सोडा. कानस कडक असते पण ठिसूळ, लाकडात अडकली की तुकडे होऊन उडते. हाय स्पीड स्टीलच्या तीन-चार पटाश्या सुरुवातीला पुरतात. लांब दांड्याचं खरवड काढायची रुंद गोल पटाशी वाडग्याच्या आतल्या बाजूला कधीही लावू नये, तिची मुठीतली शेपटी बारीक असते आणि तिथेच मोडते.

हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून बरेच जण चकित होतात. मोजा गुंतला की हात ओढला जातो. कुर्त्याच्या बाह्या कोपराच्या वर, ओढणी बाजूला काढून ठेवलेली, हिजाबची टोकं आत खोचून पिनेने पक्की. गळ्यातला तावीज, मनगटातला धागा, घड्याळ, अंगठी काढून खिशात. लांब दाढीला रबर लावावं, यात लाजण्यासारखं काही नाही. तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारी काच हवी. चष्मा कपाळ वाचवत नाही. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढून टाकावा, नाहीतर बोटं मध्ये सापडतात.

धूळ, तेल आणि आग

लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. एका खोलीच्या घरात तीच धूळ पीठ-मसाल्यावर बसते, झोपलेल्या बाळाच्या नाकात जाते. एन-९५ मास्क, खिडकीत बाहेर फेकणारा पंखा, दाराला ओला पडदा, आणि काम संपल्यावर झाडूऐवजी व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. झाडूने धूळ पुन्हा उडते.

लाटणं, पोळपाट यांना अळशीचं तेल लावतात. त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेतात. हे खरं आहे, आणि लाकडी जिन्याच्या चाळीत त्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. फडकं उलगडून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

शेजारी आणि कागदपत्रं

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. आम्ही शेजाऱ्यांशी बोलून सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ ठरवली. अजानच्या वेळी बंद, समोरच्या घरात आरती असेल तेव्हाही बंद, दहावीच्या परीक्षेत पूर्ण बंद. काकूंना एक लाटणं दिलं. त्यानंतर त्यांची भांडी वाजतात की नाही हे त्यांनी सांगितलेलं नाही.

हौस म्हणून चालवणं वेगळं आणि धंदा वेगळा. विजेवर चालणारा कारखाना काढायचा तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३९० खाली परवानगी लागते आणि बेस्टचा घरगुती दरही चालत नाही. वॉर्ड ऑफिसात आधी विचारलेलं बरं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे आहेत. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात होते, आणि एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. ज्यांना व्याजाचं कर्ज नको, त्यांनी अवजारांच्या मदतीबद्दल विचारून पाहावं.

भाईजान सध्या लाटणी आणि भोवरे करतात. तसबीहचे मणी करून पाहिले, पण ९९ मणी एका मापाचे येत नाहीत म्हणून ते काम थांबलं आहे. सेंटर पुन्हा केसभर हललंय, असं त्यांचं म्हणणं. येत्या रविवारी परत कागद धरून बसणार आहोत.